शब्दचर्चा: इनुइटांचे कपडे चामड्याचे की कातड्याचे?

प्रश्न: मुलांच्या मासिकासाठी उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांवर लिहिते आहे. ‘ते चामड्याचे कपडे घालत आणि कातडी कमावत’ हे वाक्य खटकतंय. काय लिहावं?

– चामडं नकोच. त्या शब्दानं केस काढून कमावलेलं, चपलेचं नाहीतर पट्ट्याचं चामडं डोळ्यांपुढे येतं. कॅरिबूच्या (तिकडचा रेनडिअर) कातड्याची सगळी ऊब केसांत असते. केस आतून पोकळ, त्यात हवा कोंडलेली. हिवाळ्यात दोन अंगरखे एकावर एक चढवतात. आतल्या ‘अतिगी’चे केस अंगाकडे, वरच्या ‘कुलित्ताक’चे बाहेर. तेव्हा ‘केसांसकट कातडं’ असंच लिहा, थोडं लांबलं तरी चालेल. कपड्यांसाठी उन्हाळा सरताना मारलेलं जनावर पसंत करतात, कारण तेव्हा नवे केस दाट असतात, पण अजून फार लांब झालेले नसतात.

– बुटांचं वेगळं. ‘कामिक’ हे बूट सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचे, आणि पाण्यात चालायचं असेल तर केस काढलेल्या. तरीही ‘कमावणे’ मला पटत नाही. आपल्याकडे त्यात बाभळीची साल, हिरडा येतो, आणि त्या प्रदेशात झाडंच नाहीत. बायका ‘उलू’नं, म्हणजे चंद्रकोरीसारख्या पात्याच्या सुरीनं, चरबी खरवडतात, कातडं ताणून वाळवतात, मग चावून चावून मऊ करतात. म्हणून ‘खरवडून मऊ करणे’. हे कष्ट वाक्यात दिसायलाच हवेत, मुलांच्या लेखात तर नक्कीच.

– धाग्याबद्दल लिहिणार असाल तर ‘स्नायूचा धागा’ टाळा. ‘तात’ही नको, ती आतड्याची. हा धागा कॅरिबूच्या पाठीच्या कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याचा). ओला झाला की फुगतो आणि टाक्याचं भोक बुजवतो. शिवाय बुटाच्या शिवणीत सुई कातड्याच्या आरपार जाऊच देत नाहीत, अर्ध्या जाडीतूनच फिरवतात. मला तरी यातली सर्वांत थोर गोष्ट ही शिवण वाटते. शिकारी बर्फावर तासन्‌तास उभा राहू शकतो तो तिच्यामुळे.

– क्रियापदाचा काळही बदला. ‘घालत’ नव्हे, ‘घालत आले आहेत’. नुनावुतमध्ये (उत्तर कॅनडातला इनुइटांचा प्रांत) असे कपडे आजही शिवले जातात. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुंडसेन 1903 ते 1905 मध्ये नेट्सिलिक इनुइटांजवळ राहून हे कपडे वापरायला शिकला आणि 1911 साली त्याच धर्तीच्या केसाळ कपड्यांत दक्षिण ध्रुवावर पोचला. मुलांना हे जरूर सांगा, आणि शिकवणाऱ्यांचं नाव त्याच्या आधी येऊ द्या.