घाट पाण्यात उतरत नाही, त्याबद्दल

एकाने विचारलंय की 'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये स्वतः बनवलेला घाट नदीकाठावर ठेवला की पायऱ्या अधांतरी राहतात. मी बनवलेल्या पुण्याच्या ओंकारेश्वराच्या घाटाचं अगदी हेच झालं होतं.

मूळ घोळ टेम्प्लेटचा, म्हणजे ज्या तयार वास्तूवरून आपली बनवायला घेतो तिचा. असेट एडिटरमध्ये (गेममधलं स्वतःच्या वास्तू बनवायचं साधन) साध्या बागेचं टेम्प्लेट घेतलंत तर गेम त्याला जमिनीवरचीच वास्तू समजतो आणि खालची जमीन सपाट करतो. बंदराचं टेम्प्लेट घ्या, मग तुकडा आपोआप काठाला चिकटतो. ते नको असेल तर प्रॉप (नुसती शोभेची वस्तू) करून 'मूव्ह इट' या मॉडने, म्हणजे गेमला वरून जोडायच्या भागाने, पेज डाउन दाबत खाली उतरवा.

पण प्रॉपने पाणी अडत नाही हं! या गेममध्ये पाणी खरोखर वाहतं, ते फक्त जमिनीचा उंचसखलपणा बघतं. म्हणून आधी मागे धक्क्याची भिंत ओढा, पायऱ्या नंतर. भिंतीची पाण्याकडची बाजू ओढण्याच्या दिशेवर ठरते; उलटी पडली तर दुसऱ्या टोकापासून ओढा.

मी भिंत विसरलो आणि वर धरणातून पाणी सोडलं. खडकवासला धरणाच्या विसर्गात पुण्याचा भिडे पूल पाण्याखाली जातो, तेच माझ्या गेममधल्या अख्ख्या शनिवार पेठेचं झालं. सेव्ह करून ठेवलेला गेमही जुना होता.