१९६८ च्या सीजे-३बी जीपसाठी मागची क्राउन-पिनियन कुठे मिळेल?

प्रश्न (पसरणीघाट):

माझ्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची पेट्रोल जीप, वाईजवळच्या आमच्या गावी अजून चालती आहे. गेल्या दिवाळीपासून तिच्या मागच्या बाजूने घों-घों आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढे आणि पाय काढला की त्याचा सूर बदले. डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीचे) झाकण उघडले, तेव्हा आतले तेल चांदीचा रंग कालवल्यासारखे चकाकत होते आणि तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा, दाताचा तुटलेला तुकडा सापडला. पिनियनचे, म्हणजे मोठ्या क्राउन गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, दोन दात उडाले होते. एका दुकानदाराने ‘सगळ्या जीपना हीच लागते’ असे सांगून नवी जोडी दिली आणि आमच्या मिस्त्रींनी ती बसवलीही. डांबरी रस्त्यावर गाडी छान चालली, आवाज गेला, वेगही थोडा वाढल्यासारखा वाटला. मात्र पावसात शेतावर फोर-व्हील लावल्यावर गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळू लागली आणि पुढे लिव्हरही परत निघेना. जोडी सदोष आहे की बसवण्यात चूक झाली? योग्य जोडी कुठे शोधावी?

उत्तर १ (निवृत्त फिटर):

जोडी सदोष नसावी आणि आपल्या मिस्त्रींचीही चूक नसावी. जोडी दुसऱ्या रेशोची आली आहे, असे आपल्या वर्णनावरून दिसते. या जीपना प्रामुख्याने ५.३८ चा रेशो असे, म्हणजे क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात, क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे ५.३८ फेरे. त्याच मापाच्या एक्सलमध्ये बसणारी ४.२७ ची, म्हणजे ४७ आणि ११ दातांची जोडीही बाजारात मिळते व हातात घेऊन पाहिल्यास पटकन वेगळी ओळखू येत नाही. नुसती मागची चाके चालतात तेव्हा काहीच बिघडत नाही. उलट त्याच वेगाला इंजिन कमी फिरते, म्हणून आपल्याला गाडी पळाल्यासारखी वाटली. फोर-व्हील लावल्यावर मात्र ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलकडे जाणारे दांडे, एकाच गतीने फिरवते, आणि पुढचा रेशो ५.३८ व मागचा ४.२७ असेल तर पुढची चाके मागच्यांपेक्षा हळू फिरू पाहतात. एक जोडी ढकलते, दुसरी अडवते आणि तो सगळा ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर साठतो. लिव्हर अडकते ती त्यामुळेच. कृपया तोवर फोर-व्हील लावू नका.

झाकण न उघडताही खात्री करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, फोर-व्हीलची लिव्हर सोडवून, मागचे एकच चाक जॅकवर उचला, प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असते, म्हणून याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक). शाफ्टचे सव्वापाचहून थोडे जास्त फेरे झाले तर ५.३८, सव्वाचार झाले तर ४.२७. पुढच्या एक्सललाही हेच करा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, त्यामुळे तो सोडावा लागेल. म्हणून उरलेल्या चाकांना आधी दगड लावा. एका ओळखीच्या माणसाने ते केले नव्हते आणि जीप जॅकवरून उतरून गोठ्यात गेली होती.

उत्तर २ (देवळालीचा जीपवाला):

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला इथे जुन्या जीपचे सामान अजून निघते. तिथे नाही मिळाले तर दिल्लीचे काश्मिरी गेट, मायापुरी, किंवा ज्या गावाचा धंदाच जीप बांधण्याचा आहे ते हरियाणातले डबवाली. फोनवर ‘सीजे-३बी ची क्राउन-पिनियन’ एवढेच सांगू नका. दातांची संख्या, पिनियनच्या मागच्या टोकाला असलेले चर आणि एक्सल शाफ्टचे चर (जुन्याला १०, नंतरच्याला १९) मोजून फोटोसह पाठवा, आणि जुना माल घेत असाल तर क्राउनच्या कडेवरचा व पिनियनच्या तोंडावरचा क्रमांक एकच आहे ना, हे फोटोतच दाखवून मागा. मी एकदा स्वस्तात क्राउन एकीकडून आणि पिनियन दुसरीकडून घेतली. दोन्ही न झिजलेल्या होत्या, तरी शंभर किलोमीटरमध्ये गाडी रडू लागली, कारण कारखान्यात हे दोन भाग एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

पसरणीघाट:

खडूची खूण केली. पुढे सव्वापाचहून थोडे जास्त, मागे सव्वाचार. दुकानदार जोडी परत घेणार नाही, ‘बसवलेला माल’ म्हणतो. पुढचीच ४.२७ करून टाकली तर?

निवृत्त फिटर:

रेशो जुळेल, पण पुढच्या एक्सलची क्राउन लहान असते, तिच्यासाठी वेगळी जोडी शोधावी लागेल. शिवाय तीन गिअरच्या त्या पेट्रोल इंजिनाला पसरणीचा घाट भरल्या गाडीने जड जाईल. मागे ५.३८ च बसवा. बसवताना जुने शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जसेच्या तसे वापरू देऊ नका. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवून पाहा, ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा, आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायलने मोजून पाच ते सात थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, ठेवा. बेअरिंग आणि पिनियनचे सील नवे घाला. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचे गिअर तेल चालेल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये मात्र जीएल-४ च भरा, कारण आत पितळी भाग आहेत आणि या दोघांचे तेल एकमेकांत फिरते.

देवळालीचा जीपवाला:

एक पुरवणी. गाडीला ५० वर्षे होऊन गेली आहेत, तेव्हा २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर गाडी मूळ रूपात असणे आवश्यक आहे. मूळ रेशोची जोडी घेतल्यावर दुकानाचे बिल आणि तुटलेली पिनियन, दोन्ही जपून ठेवा.