स्पीकरच्या चुंबकाचे तुकडे एकमेकांना ढकलतात, असं का?

सुईदोरा, सोलापूर
नमस्कार. मी घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. मशीनखाली पडलेल्या सुया-टाचण्या गोळा करायला जुन्या स्पीकरचं गोल चुंबक ठेवलंय. काल ते शहाबादी फरशीवर पडलं आणि दोन तुकडे झाले. सहावीतली लेक म्हणाली, "चुंबकच आहे की, परत चिकटेल." पण तुटलेल्या कडा जुळवायला गेलं की तुकडे ढकलतात. एक पालथा केला की टक्कन चिकटतात! पट्टीचुंबक तोडलं तर प्रत्येक तुकड्याला उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव असतात, असं ती शिकलीय. मग तुटल्या जागी विरुद्ध ध्रुव समोरासमोर यायला नकोत का? झोपेपर्यंत हेच विचारत होती. माझी शाळा आठवीत सुटली, पण तिला चुकीचं काही सांगायचं नाही मला.

वायंडिंगवाला
ताई, शाळेतलं बरोबर आहे आणि तुमचं चुंबकही. स्पीकरच्या रिंगेचे ध्रुव सपाट बाजूंना असतात, कडेला नाही.

निवृत्त गुरुजी
दादांनी नेमकं सांगितलं, थोडं उलगडतो. पट्टी आडवी तुटते, म्हणून तुटल्या जागी एकीकडे उत्तर, दुसरीकडे दक्षिण ध्रुव येतो. रिंग मात्र वरून खाली चिरली. दोन्ही तुकड्यांच्या वरच्या बाजूला एकच ध्रुव, खाली दुसरा. सारखे ध्रुव शेजारी आले की ढकलणारच. खरं तर रिंग अखंड होती तेव्हाही हे भाग एकमेकांना ढकलतच होते. रिंग ज्याची बनते ते फेराइट दगडासारखं कडक, त्याने धरून ठेवलं होतं.

लेकीला स्वतः बघू द्या. शिलाईची सुई चुंबकाच्या एकाच सपाट बाजूवर, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा. मागे येताना सुई उचलायची, हे महत्त्वाचं. मग पितळी परातीत पाणी घेऊन कडुनिंबाच्या पानावर ती तरंगवा. स्टीलची परात नको, काही स्टील चुंबकाला चिकटतं. सुई फिरून उत्तर-दक्षिण थांबेल. आता तुकडा लांबूनच हळूहळू जवळ आणा.

आणखी एक: चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगणातल्या मातीतून फिरवा.

सुईदोरा
गुरुजी, केलं! सुईचं टोक उत्तरेला थांबलं. एका बाजूला टोक ओढलं जातं, दुसऱ्या बाजूला नेढं. टोक ओढणाऱ्या बाजूवर लेकीने माझ्या शिलाईच्या खडूने 'उ' लिहिलं, मग स्वतःच पुसून 'द' केलं. म्हणाली, विरुद्ध ध्रुवच ओढतात ना. मग पृथ्वीच्या उत्तरेला दक्षिण ध्रुव आहे का, हा पुढचा प्रश्न! आणि पिशवीला मातीतले काळे, चमकदार कण मिशांसारखे उभे राहिले. ते काय?

निवृत्त गुरुजी
होय, पृथ्वीच्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव भौगोलिक उत्तरेजवळच आहे. शाबास तिची! ते कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडाच्या खनिजाचे. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणाची झिजून झाली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यातल्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. तेव्हा तिची सुई पानावर ठेवली असती, तर टोक दक्षिणेला, विजापूरकडे वळलं असतं.