शिडाच्या जहाजांतून अमेरिकेला गेलेले मॉर्मन: याला वारी म्हणायचं का?

पैलतीर:
युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत येऊन मला सहा वर्षं झाली. दर २४ जुलैला इथे सगळं गाव रस्त्यावर असतं. १८४७ साली याच दिवशी मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाचे पुढारी ब्रिगम यंग आपल्या अनुयायांसह या खोऱ्यात उतरले, त्याची मिरवणूक निघते. यंदा शेजारच्या आजींबरोबर उभा होतो. त्यांच्या पणजीबाई इंग्लंडमध्ये मॉर्मन झाल्या आणि शिडाच्या जहाजानं अमेरिकेला आल्या. तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे.

अमेरिकेतले मॉर्मन प्रचारक १८३७ मध्ये लँकेशायरमधल्या प्रेस्टनला पोहोचले. ६ जून १८४० ला लिव्हरपूलहून 'ब्रिटानिया' सुटलं, त्यावर ४१ नवदीक्षित होते. पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून ८० हजारांवर माणसं गेली, १८६० च्या दशकाअखेरपर्यंत बहुतेक शिडाच्या जहाजांतूनच. सगळ्यांनी सियोनात, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या पवित्र भूमीत, एकत्र जमावं, हा त्यांच्यासाठी धर्माचाच आदेश होता.

मला भारावून टाकते ती जहाजावरची व्यवस्था. निघतानाच प्रवाशांचे वॉर्ड पाडायचे, प्रत्येक वॉर्डाला एक प्रमुख. पहाटे बिगुल, मग डेकखालची जागा घासूनपुसून काढायची, मग प्रार्थना, मग चुलीपाशी पाळीपाळीनं स्वयंपाक. त्याच काळात, १८४७ मध्ये, दुष्काळातून पळालेले आयरिश लोक टायफसनं जहाजांवर हजारोंनी मेले, हे लक्षात घ्या. चार्ल्स डिकन्स १८६३ मध्ये लंडनच्या गोदीत 'ॲमेझॉन' जहाजावर चढला तो या लोकांविरुद्ध लिहायची तयारी ठेवून, आणि उतरला तो त्यांचं कौतुक करत.

आपल्याकडे समुद्र ओलांडला की धर्म बुडायचा. यांच्याकडे ओलांडणं हाच धर्म होता. दिंडीला जसा क्रम असतो, चोपदार असतो, पाल आणि पंगत असते, तसंच हे. माझ्या मते ही समुद्रावरची वारीच होती.

चंद्रभागा:
पूर्ण असहमत. माझ्या माहेरी तीन पिढ्यांची वारी आहे, म्हणून हा शब्द इतक्या सहज वापरलेला मला खुपतो. वारकरी पंढरपूरला जातो आणि काला झाला की घरी परततो. त्याचं शेत, गुरंढोरं, म्हातारी माणसं त्याची वाट पाहत असतात. हे लोक घरातलं किडूकमिडूक विकून निघाले, परतीचे पैसे कुणाच्याच गाठीला नव्हते.

शिवाय कर्ज. १८४९ मध्ये मॉर्मन चर्चनं स्थलांतरासाठी कायमचा निधी काढला. आधी या, मग काम करून फेडा. म्हणजे नव्या देशात पाय ठेवला तो देणेकरी म्हणूनच, आणि सावकार कोण, तर ज्याच्या शब्दावर घर सोडलं तीच संस्था.

सगळ्यात मोठी गोष्ट लपवाछपवीची. बहुपत्नीत्वाची शिकवण चर्चनं उघडपणे मान्य केली ती ऑगस्ट १८५२ मध्ये. त्याआधी हजारो लोक समुद्र ओलांडून गेले होते. १८५० मध्ये फ्रान्समधल्या जाहीर वादात चर्चचे एक नेते जॉन टेलर यांनी ही गोष्ट चक्क नाकारली, आणि तेव्हा त्यांच्या स्वतःच्या अनेक बायका होत्या. प्रेस्टनच्या गिरणीतली एखादी पोर पदर खोचून जहाजावर चढते, तेव्हा तिला पुढचं आयुष्य कसं असेल हे सांगितलेलं नाही. तिच्या होकाराला मी होकार कसा म्हणू?

डोलकाठी:
मी तीस वर्षं बोटीवर काढली आहेत, म्हणून समुद्रापुरतं बोलतो. मॉर्मन स्थलांतरितांचं एकच जहाज फुटून त्यात माणसं गेली. 'जुलिया ॲन', सप्टेंबर १८५५ मध्ये सिडनीहून निघालेलं. ३ ऑक्टोबरच्या रात्री ते पॅसिफिकमधल्या प्रवाळ खडकावर आदळलं. ५६ जणांपैकी पाच बुडाले, सगळी बायका-मुलं. लिव्हरपूलहून निघालेल्या इतक्या जहाजांपैकी एकही असं बुडालं नाही, ही मोठी गोष्ट आहे.

पण त्याचं सगळं श्रेय प्रार्थनेला देऊ नका, पैलतीर. यांचे लिव्हरपूलमधले एजंट पुरी जहाजं ठरवायचे आणि गटाला आधीपासून तयार करायचे. प्रवाशांना किती पाणी, किती शिधा द्यायचा हे ब्रिटिश कायद्यानं ठरवून दिलेलं होतं. डेकखाली हवा खेळती ठेवली आणि घाण साचू दिली नाही की निम्मं दुखणं टळतं. बिगुल वाजवून झाडू मारायला लावणारा माणूस मला उपदेशकापेक्षा मोठा वाटतो. तुमच्या वर्णनात तो आहेच, पण त्याच्यापुढे तुम्ही धर्म उभा केलात.

आणि धोका पाण्याच्या पलीकडे होता. सुरुवातीची जहाजं न्यू ऑर्लिन्सला जात, तिथून मिसिसिपीवरून आगबोटीनं वर. नदीवर पटकी गाठायची. एप्रिल १८५२ मध्ये मिसूरी नदीत 'सलूडा' या आगबोटीचा बॉयलर फुटला, त्यातही पुष्कळ मॉर्मन गेले. १८५५ नंतर त्यांनी वाट बदलून न्यूयॉर्क-बोस्टनकडची बंदरं धरली.

पोर्टलुईस:
मी मॉरिशसचा मराठी. आमचे पूर्वज याच काळात कोकणातून मुंबईमार्गे शिडाच्या जहाजांतून इथे उसाच्या मळ्यांवर आले. म्हणून चंद्रभागाताई, कर्जावरून तुम्ही जे म्हणता ते मला पटत नाही. बांधील कर्ज काय असतं ते आम्ही घरात ऐकलंय. गिरमिटात, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरीत, मुदत ठरलेली, मळा मालक ठरवणार, कामावर नाही गेलं तर पगार कापणार, परवान्याशिवाय बाहेर दिसलात तर तुरुंग. मॉर्मन निधीचे पैसे तर बहुतेकांनी फेडलेच नाहीत. १८८० मध्ये चर्चनं गरिबांची निम्मी थकबाकी माफ केली. गिरमिटाच्या कोठीवाल्यानं, म्हणजे मळ्याच्या मालकानं, कुणाला काय माफ केलं?

आमच्या जहाजांवर पुरुषच फार, बायका थोड्या. यांच्या जहाजांवर आजी, सून, तान्हं मूल अशी अख्खी घरं होती. फसवून नेलेल्यांत आणि ठरवून गेलेल्यांत हा फरक मला फार मोठा वाटतो.

चंद्रभागा:
पोर्टलुईस, तुमच्या घरच्या अनुभवापुढे मी काही बोलणार नाही. गिरमिटाशी तुलना मी केली नव्हती, आणि गरिबांचं निम्मं कर्ज माफ झालं हे मान्य. पण अख्खी घरं गेली म्हणून निर्णय सगळ्यांचा होता असं होत नाही. आजी आणि तान्हं मूल यांना कुणी विचारलं होतं?

१८५६ चं घ्या. पैसे वाचवायला चर्चनं हातगाडीची योजना काढली: जमिनीवरची वाट माणसांनी स्वतः हातगाड्या ओढत चालायची. लिव्हरपूलहून युटापर्यंत माणशी ९ पौंड. 'थॉर्नटन' ४ मे रोजी सुटलं आणि 'होरायझन' २५ मे रोजी, म्हणजे खूपच उशिरा. आयोवात उतरल्यावर हातगाड्या तयार नव्हत्या, त्यात आणखी आठवडे गेले. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा झाली. लीव्हाय सॅव्हेज हा तिथला एक प्रमुख. तो ब्रह्मदेशात प्रचारकाम करून परतला होता आणि त्यानं ही वाट आधी पाहिलेली होती. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलं असलेल्या घरांना घेऊन आता पुढे जाऊ नका, थंडी इथेच काढा, असं तो कळवळून म्हणाला. त्याची श्रद्धा कमी पडते असं त्याला सुनावण्यात आलं. मग तुमच्याबरोबर मीही येतो म्हणून तो निघाला. ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फानं गाठलं. या दोन जहाजांवरच्या लोकांच्या दोन तुकड्यांत मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली.

दिंडीत कुणी म्हणालं की पुढे नदीला पूर आहे, तर दिंडी थांबते. शंका काढणाऱ्याची श्रद्धा कुणी मोजत नाही.

पानशेत:
थोडं पुण्याबद्दल. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५१ मध्ये मुंबईत आला, मग पुण्यात. १८५२ मध्ये इथे त्यांची छोटी शाखाही होती. तो मराठी शिकला. तरी हाताशी लागली ती मूठभर माणसं. मला वाटतं, लँकेशायरच्या गिरणी कामगाराला सियोन म्हणजे स्वतःची जमीन दिसत होती. पुण्यातल्या माणसाला धर्म बदलून समुद्रापार जायचं म्हणजे जात, घर, सोयरीक सगळंच तुटणार होतं. तेव्हा पैलतीर, इंग्लंडमधून माणसं गेली त्यात भुकेचा वाटा श्रद्धेइतकाच मोठा आहे.

पैलतीर:
भूक होती, हे खरं. पण भुकेनं निघालेल्याला न्यूयॉर्कला काम मिळत होतं. तिथून दोन हजार मैलांवरच्या, खारट तळ्याकाठच्या ओसाड खोऱ्यात तो श्रद्धेशिवाय गेला नसता. यावर मी ठाम आहे.

डोलकाठी, झाडूवाला माणूस मोठा हे मान्य. चंद्रभागा, तुमचा प्रतिसाद वाचून काल आजींकडे गेलो. त्यांच्या पणजीबाई 'होरायझन'वरच्याच. हातगाडीवर माणशी १७ पौंड सामान नेता यायचं. लिव्हरपूलहून आणलेली आईची रजई त्यांनी आयोवात सोडली, आणि पुढे बर्फात धाकटा भाऊ गेला. आजी म्हणाल्या, पणजीबाईंनी समुद्राच्या गोष्टी शंभरदा सांगितल्या, फ्लॉरेन्सनंतरच्या कधीच नाहीत. तेव्हा त्या पुढच्या वाटेला मी वारी म्हणणार नाही. जहाजाला मात्र म्हणेन.

चंद्रभागा:
रजईचं वाचून गलबलून आलं. आजींना माझा नमस्कार सांगा. पण मी जहाजालाही म्हणणार नाही. 'होरायझन' लिव्हरपूलच्या धक्क्यावरून सुटलं तेव्हाच उशीर झालेला होता, आणि ज्यांना तो दिसत होता त्यांनी डेकवरच्या माणसांना तो सांगितला नाही. माझा आक्षेप त्या धक्क्यावरचा आहे.