मदत हवी आहे : वडिलांच्या जलरंगचित्रांवर बुरशी
माझे वडील ठाण्यात दुकानांच्या पाट्या रंगवत असत. फ्लेक्स आल्यावर ते काम जवळजवळ संपले, तरी रविवारी पहाटे तलावपाळीवर बसून मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचा कळस जलरंगांत टिपणे त्यांनी सोडले नाही. अशा 35 चित्रांपैकी काहींवर यंदाच्या पावसाळ्यात तपकिरी ठिपके उठले असून, मागच्या हार्डबोर्डाचा पिवळेपणाही कागदात उतरला आहे. एका फ्रेमवाल्याने ओल्या फडक्याने पुसायला सांगितले. (जलरंगावर ओला फडका!) आम्लविरहित माउंट (कागद पिवळा न पाडणारा, चित्रामागचा-भोवतीचा पुठ्ठा) वापरणारा फ्रेमवाला किंवा कागदावरील चित्रांचे संवर्धन करणारे कोणी ठाणे अथवा नवी मुंबईत असल्यास, खर्चाच्या अंदाजासह कृपया कळवावे; कारण पैसे खर्च करताना वडिलांचा हिशेब आजही ‘आधी रंग, मग फ्रेम’ असाच आहे.