मदत हवी आहे: बाबांचे आयपीसीएलचे शेअर आणि एजंटचे २० टक्के

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बाबा आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत होते, चार वर्षांपूर्वी गेले. दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या साड्यांखाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं सर्टिफिकेट सापडलं. १०० शेअर, पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं. घर बदललं तेव्हा पत्ता कळवलाच नाही, त्यामुळे डिव्हिडंडही कित्येक वर्षं आलेला नाही.

ओळखीतून एक एजंट आला. म्हणे, "कंपनीच उरली नाही, तरी काहीतरी काढून देतो, २० टक्के माझे." आई लगेच सही करायला बसली. तिचा चष्मा लपवून मी वेळ मारून नेली आहे.

पैसे मिळतील का? आणि आई (७४) म्हणते, मिळाले तर सगळं विकून रिझर्व्ह बँकेच्या बाँडात टाक. टाकू का?

मांजलपूरकर:
ताई, चष्मा अजून देऊ नका! २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली, ५ ला १ हिशेबाने. म्हणजे तुमच्या १०० चे २०. २००९ च्या बोनसने (एकावर एक फुकट शेअर) ४०, २०१७ च्या बोनसने ८०. २०२३ मध्ये त्यावर रिलायन्समधून वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलचे ८०, आणि २०२४ च्या बोनसने रिलायन्सचे १६०. आता त्याचे २० टक्के मोजा.

सलग ७ वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे) जातात, पण बुडत नाहीत. त्यांच्या साइटवर नावाने शोधा. आईचं नाव दुसरं आहे हे फार बरं झालं. कोर्टाच्या सक्सेशन सर्टिफिकेटची (वारस दाखल्याची) भानगड नाही, मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं नाव कमी होतं. आईचं डीमॅट उघडा, कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे केवायसी करून एन्टायटलमेंट लेटर (हक्काचं पत्र) घ्या, मग शेअर परत मागायचा फॉर्म आयईपीएफ-५ ऑनलाइन भरा. फॉर्मला फी नाही, खर्च काय तो स्टॅम्प पेपर आणि नोटरीचा. महिने मात्र लागतात.

रावपुरा_७२:
सर्टिफिकेटवर आईच्या नावापुढे गुजराती पद्धतीने 'बेन' जोडलंय का बघा. आमच्या काकूंचं त्यावरच अडलं होतं, कारण आधारवर नुसतं नाव. शेवटी ॲफिडेव्हिट करावं लागलं.

बाँडबद्दल: मुद्दल सुरक्षित आहे, पण ७ वर्षं अडकतं आणि मधे कुणाला विकता येत नाही. ७० ते ८० वयाला ५ वर्षांनी मोडता येतो, तोही दंड भरून. व्याज पोस्टाच्या एनएससीपेक्षा (राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा) ०.३५ टक्के जास्त, जानेवारी-जुलैत मिळतं, त्यावर कर लागतो. औषधपाण्याचे पैसे त्यात घालू नका. आणि शेअर विकायचेच तर थोडे ३१ मार्चच्या आत, थोडे १ एप्रिलनंतर विका. दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखाची सूट असते, ती दोनदा मिळेल.

धागाकर्ती:
'सुधाबेन'च आहे! एजंटला नाही कळवलं. १६० चा आकडा ऐकून आई म्हणाली, "मग विकायचे कशाला?" चष्मा परत दिलाय.