फोरकास्ट, प्रेडिक्शन आणि आपले अंदाज-आडाखे

इंग्रजी पेपरात पावसाबद्दल असलं की 'फोरकास्ट' आणि निवडणुकीबद्दल असलं की बहुतेकदा 'प्रेडिक्शन'. दोन्हीचा अर्थ पुढचं सांगणं हाच ना? मग 'वेदर प्रेडिक्शन' म्हटलं तर चुकतं का? आणि मराठीत कुठे काय म्हणायचं?

---

चुकत नाही. संगणकावर हवेची गणितं सोडवतात त्या शाखेचं नावच 'न्यूमेरिकल वेदर प्रेडिक्शन' आहे. पण रोजच्या बोलण्यात 'वेदर फोरकास्ट' ही जोडी पक्की झाली, त्यात रॉबर्ट फिट्झरॉयचा मोठा हात. डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून हिंडला त्याचा हा कप्तान. १८६१ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याचे हवामानाचे अंदाज छापून यायला लागले. ही भविष्यवाणी नव्हे, शास्त्रीय आकडेमोडीतून काढलेलं मत आहे, म्हणून 'फोरकास्ट' हाच शब्द योग्य, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

भूकंपवाले आजही हा भेद कसोशीने पाळतात. अमुक दिवशी, अमुक जागी, एवढ्या तीव्रतेचा, असं ठाम सांगणं म्हणजे प्रेडिक्शन, आणि ते अजून कुणालाच जमलेलं नाही. पुढच्या तीस वर्षांत शक्यता किती टक्के, हे फोरकास्ट. क्रियापदंही बघा: प्रेडिक्शन 'मेक' करतात आणि ते 'कम ट्रू' होतं, फोरकास्ट 'इश्यू' करतात आणि ते 'अ‍ॅक्युरेट' असतं किंवा नसतं.

---

मराठीत हवामान खातं अंदाज वर्तवतं, आपण घरबसल्या अंदाज बांधतो. भाकीत खरं ठरतं नाहीतर फोल. अटकळ आणि आडाखे बांधायचे, तर्क मात्र लढवायचा. त्यात थोडी थट्टा आलीच. 'अंदाज व्यक्त केला जात आहे' ही बातमीदारांची सोय, कुणी केला ते सांगावं लागत नाही.

---

आमच्या बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी असते. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते दाणे कुठे सरकले ते पाहून पाऊस, पिकं, अगदी राजकारणापर्यंतचं सांगतात. पेपरात त्याला 'भेंडवळचं भाकीत' म्हणतात. खात्याचा सर्वसाधारण पाऊस म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के; इकडे टक्के नाहीत, 'कमी', 'साधारण', 'भरपूर' एवढंच. शेतकरी दोन्ही ऐकतो आणि पेरणी ओल बघून करतो.

---

'होरा' राहिलाच की! मूळ ज्योतिषातला, ग्रीकांकडून आलेला. इंग्रजी 'अवर' आणि 'हॉरोस्कोप' त्याचेच भाऊबंद. 'अहोरात्र'ची पुढची-मागची अक्षरं गळून 'होरा' झाला, असं काहींचं मत वराहमिहिराने नोंदवलंय. मला ते ओढूनताणून वाटतं. आता हा शब्द ज्योतिष्यांपेक्षा राजकारणावर बोलणाऱ्यांच्याच तोंडी जास्त. आणि होरा सहसा बांधत नाहीत; 'माझा होरा असा की', नाहीतर सरळ 'होरा चुकला'.